हक्क कार्डाचा की माणसाचा?

बदलापूरच्या आमच्या चाळीतल्या मावशी उल्हासनगरात जीन्स शिवणाऱ्या एका गाळ्यात धागे कापायला जातात. माझे वडील, दादा, अंबरनाथच्या एका कारखान्यात होते. दादांना ताप आला की ते खिशात कार्ड घालून दवाखान्यात जात. मावशी आधी डब्यातले पैसे मोजत. हा फरक का, हे मला कळत नसे. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. राज्यशास्त्राच्या तासाला ‘हक्क’ हा शब्द भेटला आणि कोडे थोडे उलगडले.

ते कार्ड कर्मचारी राज्य विमा योजनेचे. कायदा 1948 चा, प्रारंभ 1952 मध्ये. कामगाराच्या पगारातून थोडे कापायचे, मालकाने अधिक भरायचे (2019 मध्ये हे प्रमाण पाऊण व सव्वातीन टक्के ठरले) आणि त्यातून साऱ्या कुटुंबाला औषधोपचार. उल्हासनगरचे कामगार रुग्णालय याच योजनेतले. ही मेहेरबानी नव्हे, हक्कच. मात्र तो पगारपत्रकातून येतो. दादांची कंपनी बंद पडली आणि काही महिन्यांतच आम्हीही मावशींच्या रांगेत जाऊन उभे राहिलो.

सोव्हिएत रशियाने वेगळी वाट धरली होती. 1918 मध्ये आरोग्यखाते हाती घेतलेल्या सेमाश्को यांच्या व्यवस्थेत जो तो राहील त्या भागाचा डॉक्टर ठरलेला, खर्च सरकारी तिजोरीतून. 1977 च्या घटनेत तर 42 वे कलमच आरोग्यरक्षणाच्या हक्काचे होते. सारे आलबेल होते असे मुळीच नाही. पक्षाच्या वरिष्ठांसाठी वेगळी रुग्णालये होती. 1965 च्या सुमारापासून पुरुषांचे आयुर्मान घसरू लागले. 1991 मध्ये ते राज्यच मोडले. तरी ‘काम कुठे करतोस?’ऐवजी ‘राहतोस कुठे?’ हा त्यांचा प्रश्न मला अधिक माणुसकीचा वाटतो.

आपल्या घटनेच्या सरनाम्यात 1976 मध्ये ‘समाजवादी’ शब्द आला. पण सार्वजनिक आरोग्याचे 47 वे कलम मार्गदर्शक तत्त्वांत आहे. केवळ त्याच्या आधारे न्यायालयात दाद मागता येत नाही. तातडीचे उपचार सरकारी रुग्णालयाने नाकारणे म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग, असे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये म्हटले, तेव्हा दार थोडे किलकिले झाले. 15 ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्रात आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले.

म्हणजे मावशींना आता कार्ड लागत नाही. पण दादांना आजारपणाच्या रजेत विम्यातून पगाराचा मोठा भाग मिळे. मावशींचा रोज बुडतो. त्यामुळे अंगात ताप असला तरी त्या सकाळची लोकल पकडतात, आणि डॉक्टरकडे जायला शुक्रवारच्या सुट्टीची वाट बघतात.