दोन टक्क्यांची गोष्ट

ब्रोकरला टाळून मीरा रोडचा फ्लॅट स्वतःच विकला. पैसे वाचले. पण खरा धडा मिळाला तो भलत्याच जागी!

‘सत्तर लाख आरामात येतील. आपले दोन टक्के,’ स्टेशनजवळचा इस्टेट एजंट आमच्या शांती नगरच्या वन बीएचकेबद्दल म्हणाला. मी मनातल्या मनात गुणाकार केला. एक लाख चाळीस हजार! चार माणसांना घर दाखवण्याचे? घरी येऊन जाहीर करून टाकलं, ‘आई, आपला फ्लॅट आपणच विकायचा.’

बाबांनी हा फ्लॅट १९९४ मध्ये घेतला, गिरगावातली चाळीतली खोली सोडून. तेव्हा इथं नगरपालिका होती, महापालिका व्हायला २००२ उजाडलं. बाबा गेल्यावर आई एकटी पडली. तिनं माझ्याकडे ठाण्याला यायचं, फ्लॅट विकायचा आणि त्या पैशांत मी मोठं घर घ्यायचं, असा साधा सरळ प्लॅन होता. माझा प्लॅन!

फोनवर फोन

मोबाइलवर फोटो काढले, प्रॉपर्टीच्या वेबसाइटवर जाहिरात टाकली. ‘ब्रोकरनी फोन करू नये’ असं ठळक लिहिलं. पहिल्या दिवशी सतरा फोन. त्यातले चौदा ब्रोकरचे! ‘सर, पार्टी रेडी आहे.’ खरं गिऱ्हाईक मिळालं ते सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या ओळखीतलं, दहिसरला भाड्यानं राहणारं तरुण जोडपं.

त्याआधी दर रविवारी घर बघायला लोक येत. आणि तोंडावर बोलत. ‘बाथरूम फारच छोटं आहे हो.’ ‘हॉलमध्ये अंधार वाटतो.’ एजंट असता तर हे त्यानं ऐकलं असतं. इथं ऐकत होती आई. ते लोक गेल्यावर म्हणाली, ‘याच बाथरूममध्ये चौघं आवरून सकाळची लोकल पकडायचो. तेव्हा नाही छोटं वाटलं.’ पुढच्या रविवारपासून मी तिला शेजारी पाठवायला लागलो.

६८ लाखांवर सौदा ठरला. टोकनचा चेक घेतला, पेढे वाटले.

‘आईचं नाव आहे ना?’

आणि गाडी अडली. खरेदीदारांच्या बँकेच्या वकिलानं फाइल परत पाठवली. अॅग्रीमेंट बाबांच्या एकट्याच्या नावावर. शेअर सर्टिफिकेटवर मात्र आईचं नाव, कारण ती नॉमिनी. मी म्हटलं, ‘मग झालं की! आईच मालक.’ वकील शांतपणे म्हणाले, ‘नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटी नॉमिनीचं नाव लावते, पण हक्क वारसांचा राहतो. मृत्युपत्र आहे?’

नव्हतं. म्हणजे हिंदू वारसा कायद्यानं आई, मी आणि नाशिकची ताई, तिघांचा सारखा वाटा. एक तर ताईनं रजिस्टर्ड हक्कसोडपत्र द्यायचं, नाहीतर विक्रेती म्हणून स्वतः सही करायची.

ताई! तिला मी ‘फ्लॅट विकतोय’ एवढंच कळवलं होतं. विचारलं नव्हतं. रात्री फोन केला. आधी ट्रॅफिकवर बोललो, मग पावसावर, मग एकदाचं हक्कसोडपत्राचं काढलं. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, ‘अरे, पैशांचं सोड. पण बँकेच्या वकिलानं सांगितल्यावर तुला माझी आठवण झाली?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढच्या शनिवारी ती आली. रिकाम्या होत चाललेल्या हॉलमध्ये आम्ही तिघं जमिनीवर बसलो आणि बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच पैशांबद्दल सरळ बोललो. ताईनं हक्क सोडला नाही. बरोबरच केलं. भाईंदरच्या दुय्यम निबंधक कार्यालयात तिघांनी विक्रेते म्हणून सह्या केल्या, अंगठे दिले, फोटो काढले. माझं ‘मोठं घर’ थोडं छोटं झालं. दिवाळीला ताई मात्र ठाण्याला आली, चार दिवस राहिली.

मग वाचलं काय?

६८ लाखांचे दोन टक्के म्हणजे एक लाख ३६ हजार. त्यातून वकिलाची फी गेली, रविवार गेले, थोडी झोपही गेली. तरी बऱ्यापैकी वाचले. पण एजंट पैसे घेतो ते घर दाखवायचे नव्हेत. चांगला एजंट पहिल्याच दिवशी कागद मागतो आणि खरं-खोटं तोंडावर सांगतो. तो नको असेल, तर हे काम तुम्हाला करावं लागतं. आणि सुरुवात करायची ती गिऱ्हाइकापासून नव्हे, घरातल्या माणसांपासून!

स्वतः विकताय? मग हे बघा...

• जाहिरातीआधी फाइल तयार ठेवा: आधीची सगळी अॅग्रीमेंट्स, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कराची पावती, सोसायटीचं नो ड्यूज. मूळ मालक हयात नसेल तर आधी वकील गाठा.

• सोसायटीनं ट्रान्सफरसाठी ‘डोनेशन’ मागितलं तर २००१ चं सरकारी परिपत्रक दाखवा. महापालिका हद्दीत हस्तांतर प्रीमियमची कमाल मर्यादा २५ हजार रुपये आहे.

• रोख नको. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो.

• किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदार १ टक्का टीडीएस कापतो. विक्रेते अनेक असतील तर प्रत्येकाच्या पॅनवर वेगळा भरला ना, ते तपासा.

• शेवटचा रुपया खात्यात आल्याशिवाय किल्ली देऊ नका. समोरचं जोडपं कितीही गोड असो!