माळ्यावरच्या फळ्यांचे घड्याळ

चिपळूणजवळचे आमचे जुने घर उतरवले, तेव्हा माळ्याच्या पाच फणसाच्या फळ्या मी पुण्याला आणल्या. धुराने काळवंडलेल्या, खिळ्यांची भोके पडलेल्या. "हे आता ठेवणार कुठे?" बायकोने विचारले. मला उत्तर सुचले ते अण्णांमुळे. काचबिंदूने त्यांची नजर अधू झालेली. डोळ्यांत थेंब ठरल्या वेळी घालायचे, पण समोरच्या भिंतीवरचे घड्याळ दिसत नसे. दिवसातून दहादा "किती वाजले रे?" विचारावे लागे, आणि ते विचारणे त्यांना मुळीच आवडत नसे. तेव्हा ठरवले, तीन फूट व्यासाचे घड्याळ घरीच करायचे.

यंत्र बाजारात तयार मिळते. आतला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी करत गेले की बरोबर एक उरतो. तोच आपला सेकंद! आपल्याकडे उरते ते सुतारकाम.

फळ्या जोडताना मागून दोन आडव्या पट्ट्या स्क्रूने बसवल्या, पण पट्ट्यांतली भोके मुद्दाम लांबट ठेवली. पावसाळ्यात लाकूड रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. त्याला हलायला जागा नसेल तर फळी फाटते. वर्तुळ सुतळीने आखू नये, सुतळी ताणली जाते. लाकडी पट्टीला दोन भोके पाडावीत, एकात खिळा, दुसऱ्यात पेन्सिल. तासांच्या खुणांना कोनमापकही लागत नाही. त्रिज्येएवढे अंतर परिघावर बरोबर सहा वेळा बसते, हे आपण शाळेत कंपासने फूल काढताना पाहिलेले असते. प्रत्येक दोन खुणांच्या मधोमध आणखी एक, की झाले बारा. यंत्राचा दांडा इंचभर जाड फळीतून पलीकडे निघत नाही, म्हणून मधला भाग मागून पटाशीने कोरून पातळ केला.

फसलो ते काट्यांत. हौसेने काटेही फणसाचेच केले. टेबलावर आडवे ठेवून घड्याळ झकास चाले, भिंतीवर लावले की मिनिटकाटा पाऊण वाजता अडे. सेल बदलला, तरी तेच. मग उलगडा झाला. सहापासून बारापर्यंत काट्याला चढ असतो, आणि नवाच्या आकड्यापाशी तो आडवा होतो तेव्हा त्याचा भार सर्वांत जास्त. शेवटी पातळ अॅल्युमिनियमच्या पत्र्याचे काटे कापले, दांड्याच्या मागे शेपूट ठेवून तिला थोडे वजन चिकटवले. काटा बोटावर तोलून पाहावा, कुठल्याही बाजूला झुकता कामा नये. यंत्रही मोठ्या काट्यांसाठी मिळते ते जास्त जोराचे घेतले.

नुसते तेल पाजलेले लाकूड फार देखणे दिसत होते. पण तपकिरी लाकडावर नाजूक आकडे अण्णांच्या काय कामाचे? काटे आणि चारच आकडे, ठसठशीत पांढऱ्या रंगात काढले. बाकी ठिकाणी जाड रेघा. घड्याळ भरले नऊ-दहा किलो, म्हणून भिंतीत प्लग ठोकून दोन जाड स्क्रूंवर टांगले.

आता अण्णा न विचारताच घरभर वेळ सांगतात. परवा माझ्या मनगटावरच्या घड्याळात दोन मिनिटांचा फरक निघाला, तर म्हणाले, "तुझे दुरुस्तीला टाक."