आपण की आम्ही?

आमच्या घरी संगणक आधी घोषणेत आला, टेबलावर फार नंतर. बाबा राष्ट्रीयीकृत बँकेत कारकून होते. संगणकाविरुद्धच्या मोर्चात मला खांद्यावर बसवून नेल्याचं ते अजून सांगतात. त्याच पोराने पुढे हिंजवडीत वीस वर्षं संगणकावर पोट भरलं, यावर घरात पुष्कळ हसून झालंय. हल्ली मला पूर्वीसारखं हसू येत नाही.

बाबांचा मोर्चा म्हणजे काळाला घातलेली खीळ, असं मी कॉलेजात ऐटीत म्हणायचो. मागे वळून पाहताना त्यातली दुसरी बाजू दिसते. १९८३ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि बँकांचा संघ यांच्यात करार झाला : यंत्रं येतील, पण मर्यादेत. १९८४ मध्ये रंगराजन समितीने पुढची वाट आखली, १९९३ मध्ये आणखी एक करार झाला. दहा वर्षांच्या या घासाघिशीत गिऱ्हाइकांनी रांगेत घालवलेले तास खरेच आहेत. पण लेजर लिहिणाऱ्या माणसाला टेबलापाशी खुर्ची होती, हेही तितकंच खरं.

आम्हाला तशी खुर्ची हवी असं कधी वाटलंच नाही. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था उभी राहिली, १९९१ मध्ये तिचा ‘परम’ महासंगणक आला, मग वायटूकेची धांदल आणि परदेशी कामांचा पूर. युनियन ही बाबांच्या पिढीची गोष्ट; आमचा पगार रेटिंगवर, तक्रार एचआरकडे. नोकरी बदलली की प्रश्न मिटायचा.

३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं. पहिले काही महिने आम्ही त्याच्याकडून वाढदिवसाच्या कविता लिहून घेतल्या. मग ते टेस्ट केसेस लिहू लागलं, जुना कोड समजावू लागलं. हीच कामं करत करत नवी पोरं तयार व्हायची. आता ती शिकणार कशावर, याचं उत्तर आमच्या मीटिंगांत मी तरी ऐकलं नाही. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार, म्हणजे दोन टक्के माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. कारण सांगितलं ते कौशल्यं न जुळण्याचं. एआयमुळे नाही, हे आवर्जून सांगितलं. आमच्या कॅबमध्ये ते कुणाला फारसं पटलं नाही.

राजकारणाचंही एआयकडे लक्ष आहे, पण वेगळ्या कारणांनी. मार्च २०२४ मध्ये केंद्राने १० हजार कोटींहून मोठं ‘इंडिया एआय मिशन’ मंजूर केलं. त्याच वर्षी जानेवारीत, २०१८ मध्ये निधन झालेले माजी मुख्यमंत्री करुणानिधी एआयच्या करामतीने तमिळनाडूत एका कार्यक्रमाच्या पडद्यावर बोलले. मे महिन्यात निवडणूक आयोगाला सांगावं लागलं, की बनावट चित्रफीत लक्षात येताच पक्षांनी ती तीन तासांत काढावी. म्हणजे देशाचं यंत्र झालं, मेलेल्या नेत्याचा आवाज झाला; जिवंत माणसाच्या कामाचं काय, हा प्रश्न मागेच राहिला.

आम्हीही तो पुढे आणला नाही. २०२५ च्या जूनमध्ये राज्यातल्या शाळांत पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून आमची कॅब रोज पेटायची. २९ जूनला शासनाने ते निर्णय मागे घेतले तेव्हा पेढे वाटले गेले. भाषेचा प्रश्न लहान नव्हेच. पण महिनाभराने नोकऱ्यांची बातमी आली, तेव्हा त्याच कॅबमध्ये सगळे खिडकीबाहेर पाहत होते.

परवा कंपनीची मेल आली : वी आर ट्रान्सफॉर्मिंग. बाबांना समजावी म्हणून मी ती मराठीत करायला घेतली आणि पहिल्याच शब्दावर अडलो. इंग्रजीतल्या ‘वी’मध्ये सगळे खपून जातात. मराठीत ठरवावंच लागतं : ऐकणाऱ्याला धरून असेल तर ‘आपण’, वगळून असेल तर ‘आम्ही’. बदलणार ते ‘आपण’, ठरवणार ते ‘आम्ही’ असा तो मजकूर होता.

बाबांनी चष्मा लावून सगळं वाचलं.

“खाली सह्या कुणाच्या?” त्यांनी विचारलं.

सही नव्हती. उत्तर पाठवू नये, अशी एक ओळ तेवढी होती.