आज पापलेट नाही

मासे खायच्या साध्या खानावळीत शिरलं की मी आधी भिंतीवरचा फळा बघतो. छापील कार्डावर बारा महिने सगळंच असतं. फळ्यावर मात्र त्या दिवशी समुद्रानं जे दिलं तेवढंच.

गेल्या डिसेंबरात मुंबईच्या भाच्याला घेऊन रत्नागिरीत बंदराजवळच्या अशाच एका खानावळीत दुपारी जेवायला गेलो. चार टेबलं, प्लास्टिकच्या खुर्च्या. फळ्यावर खडूनं लिहिलेलं : बांगडा, सौंदाळा, मांदेली. खाली ठळक अक्षरांत : पापलेट नाही.

भाचा हिरमुसला. "मामू, सकाळी बाजारात तर होती!"

चालवणाऱ्या मावशींनी ते ऐकलं. म्हणाल्या, "होती की. बोटाएवढी. तसली पोरं मी घेत नाही."

या एका वाक्यात मासेमारीचं मोठं दुखणं आहे. जाळ्याची भोकं बारीक असली की मोठ्या मासळीबरोबर पिल्लंही येतात. एकदाही अंडी न घालता ती ताटात आली, तर पुढच्या हंगामात जाळ्यात यायचं कुणी? म्हणून तर पावसाळ्यात, विणीच्या काळात, यांत्रिक होड्या बंदरात थांबवतात. 2023 साली महाराष्ट्रानं पापलेटाला राज्यमाशाचा मान दिला. त्याच वर्षी मासळीची किमान लांबीही ठरवली. पापलेटासाठी ती साडेतेरा सेंटीमीटर आहे. पण कायदा बंदरावर जेवढा चालतो, त्याहून जास्त तो गिऱ्हाइकाच्या जिभेवर चालतो. लहान पापलेट स्वस्त मिळतं म्हणून आपण मागतो, आणि मागणी आहे म्हणून ते येतं.

आम्ही बांगडा मागवला. बांगडा तेलकट, वासाला उग्र. म्हणून त्याच्या कालवणात तिरफळं टाकतात. ती चावायची नाहीत, ताटाच्या कडेला काढून ठेवायची. भाच्यानं एक चावलंच, आणि बधीर झालेली जीभ घेऊन सोलकढीकडं धावला! नारळाच्या दुधात कोकमाचं आगळ घातलेली ही कढी जेवण निववते. मग त्यानं दुसरा बांगडा मागितला. पापलेटाचं नावही काढलं नाही.

माझी नानी मला बंदरावर धाडताना माशाचं नाव कधी सांगत नसे. "जे आलं असेल ते आण, पण डोळे चकचकीत बघ, कल्ले लाल बघ," एवढंच सांगे. पावसात सुकट आणि सुके बोंबील असत. तिला पर्यावरण हा शब्द ठाऊक नव्हता, हंगाम ठाऊक होता.

तेव्हा पुढच्या वेळी खानावळीत बसाल तेव्हा "पापलेट आहे का?" असं विचारू नका. "आज काय आलंय?" असं विचारा. आणि "नाही" असं उत्तर मिळालं तर रागावू नका. ती खानावळ चांगली आहे, असं समजा.

आम्ही हात धुऊन निघालो, तेव्हा मावशी फळ्यावरचा बांगडाही पुसत होत्या.