विश्लेषण : शुक्राणू घडताना जनुके गप्प का होतात?

वृषणातील मूळपेशीपासून शुक्राणू घडायला माणसात साधारण अडीच महिने लागतात, उंदरात सुमारे ३५ दिवस.  या काळात कोणते जनुक कधी सुरू होते आणि कधी बंद, हे बदलत राहते.

सुरुवात कशी होते?

‘अ’ जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या रेटिनोइक आम्लामुळे ‘एसटीआरए८’ हे जनुक जागे होते आणि पेशी अर्धसूत्री विभाजनाकडे वळते. आहारातून हे जीवनसत्त्व काढून टाकले की उंदरांत शुक्राणूनिर्मितीच थांबते.

एक्स-वाय बंद पडले तर?

विभाजनादरम्यान एक्स आणि वाय गुणसूत्रांवरील बहुतेक जनुके बंद होतात. पण साखरेतून ऊर्जा मिळवण्यासाठी लागणाऱ्या ‘पीजीके१’ या विकराचे जनुक नेमके एक्सवर! उत्क्रांतीने यावर तोड काढली. या जनुकाची एक प्रत, ‘पीजीके२’, दुसऱ्या गुणसूत्रावर आहे आणि ती वृषणात कामाला येते.

वेळ चुकली तर?

शेवटच्या टप्प्यात डीएनए हिस्टोनऐवजी प्रोटामिन प्रथिनांभोवती घट्ट आवळला जातो. मग जनुके वाचता येत नाहीत. म्हणून पेशी लागणारे एमआरएनए संदेश आधीच तयार करून ठेवते आणि काही दिवसांनी वापरते. १९९५ मध्ये अमेरिकी संशोधकांनी उंदरांत प्रोटामिनचा संदेश मुदतीआधीच वाचला जाईल असा बदल केला. प्रथिन बरोबर होते, फक्त लवकर आले. तेवढ्याने केंद्रके अकाली आवळली गेली आणि नर वंध्य झाले.

रुग्णांशी याचा संबंध काय?

मूल होत नसेल तर तपासण्या अजूनही अनेकदा बायकोपासूनच सुरू होतात. वास्तविक वीर्यात शुक्राणू नसतील किंवा अगदीच कमी असतील, तर पुरुषाच्या रक्तातून वाय गुणसूत्राचा ‘एझेडएफ’ भाग तपासता येतो. त्यातील ‘ए’ तुकडा पूर्ण गहाळ असेल तर शस्त्रक्रिया करूनही शुक्राणू मिळण्याची आशा जवळपास नसते. म्हणजे ती शस्त्रक्रिया आणि तिचा खर्च टाळता येतो. फक्त ‘सी’ गहाळ असेल तर वृषणात शुक्राणू अनेकदा सापडतात आणि ‘इक्सी’ तंत्राने मूल होऊ शकते. मात्र मुलगा झाला तर वाय गुणसूत्र वडिलांकडूनच येणार, आणि त्यासोबत ही उणीवही. उपचार सुरू करण्याआधी दाम्पत्याला हे स्पष्ट सांगायलाच हवे.