उघडी शीतकपाटे आणि विजेची बचत

मुंबई-पुणे मार्गावरील पनवेल येथे १८५२ साली नगरपालिका स्थापन झाली आणि २०१६ मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली. शहराच्या वाढीबरोबर येथे मोठी किराणा दुकाने आली व त्यांच्याबरोबर दूध, दही, पनीर ठेवण्याची, पुढून उघडी असणारी शीतकपाटेही. ग्राहकाला वस्तू सहज उचलता यावी, हा त्यामागील हेतू होय. परंतु या सोयीचे मोल विजेच्या बिलातून चुकवावे लागते.

अशा कपाटाला दार नसते. वरून खाली वाहणारा गार हवेचा झोत हाच त्याचा पडदा. गार हवा जड असल्याने तिचा काही भाग तळाशी बाहेर सांडतो व दुकानातील उबदार हवा आत शिरते. शीतयंत्रावरील उष्णतेचा सुमारे ७० टक्के किंवा त्याहूनही अधिक भार या हवेमुळेच पडतो. कोकणातील पावसाळी हवा दमट असल्याने त्यात आणखी भर पडते. हवेतील एक लिटर पाणी कपाटात बर्फ होऊन साचते, तेव्हा पाऊण युनिट विजेइतकी उष्णता यंत्राला बाहेर टाकावी लागते. शिवाय तो बर्फ वितळविण्यासही ऊर्जा लागते.

यावरील काही उपाय बिनखर्चाचे आहेत. माल आखलेल्या मर्यादेबाहेर रचू नये, हवा परत घेणारी जाळी मोकळी ठेवावी, पंख्याचा वारा कपाटावर येऊ देऊ नये. रात्री दुकान बंद असताना कपाटावर पडदा ओढावा. एलईडी दिवे दुहेरी लाभ देतात; ते वीज कमी घेतात आणि कपाटात उष्णताही कमी सोडतात. ब्रिटनमधील सेन्सबरी या दुकानसाखळीने हवेच्या झोताला वळण देणाऱ्या पट्ट्या फळ्यांना बसविल्या. मोटार शर्यतीच्या विल्यम्स संघाशी संलग्न अभियंत्यांचे त्यांच्या विकासात साह्य होते. मात्र सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे काचेचे दार. त्यामुळे शीतकरणाच्या विजेत एक तृतीयांश किंवा अधिक बचत होऊ शकते.

तापमान वाढवून वीज वाचविणे मात्र योग्य नव्हे. पाश्चरीकृत दूध ५ अंश सेल्सिअस किंवा त्याखालीच राहिले पाहिजे. अन्यथा वाचलेल्या युनिटाची किंमत ग्राहकाच्या आरोग्याला मोजावी लागेल. दूध संस्था, बचत गट वा ग्रामपंचायतीचे विक्री केंद्र यांनी नवे कपाट घेताना केवळ खरेदीची किंमत न पाहता दाराचा व पुढील दहा वर्षांच्या वीजबिलाचा विचार करावा, हेच हिताचे.