निवडपरीक्षा : शिकवणी आणि शिकवणे

पाचवीतल्या मुलाला निवडपरीक्षेसाठी शिकवणी लावावी की नाही, हा प्रश्न आज नागपुरातील पुष्कळ घरांत विचारला जातो. त्याला नुसते ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देता येत नाही. परीक्षा काय मोजते आणि शिकवणीने त्यातले नेमके काय वाढते, हे आधी पाहिले पाहिजे. उदाहरणादाखल आम्ही एकच परीक्षा घेतो : जवाहर नवोदय विद्यालयाची.

या विद्यालयांशी विदर्भाचा संबंध आरंभापासूनचा आहे. १९८५-८६ साली प्रयोगादाखल जी पहिली दोन विद्यालये निघाली, त्यांतील एक हरियाणातील झज्जरला आणि दुसरे आपल्या अमरावतीला होते. नागपूर जिल्ह्याचे विद्यालय पारशिवनी तालुक्यात नवेगाव खैरीला आहे. ज्या नवेगाव खैरीच्या जलाशयाचे पाणी आपल्या नळांना येते, तेच हे गाव. खेड्यातील गुणी मुलाला बापाची ऐपत न पाहता चांगले निवासी शिक्षण मिळावे, हा या योजनेचा हेतू. म्हणून निदान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातील मुलांसाठी आणि एक तृतीयांश जागा मुलींसाठी असतात. राहण्याजेवणाचा व पुस्तकांचा भार पालकांवर पडत नाही. सहावीत प्रवेश मिळतो तो जास्तीत जास्त ८० मुलांना, आणि या परीक्षेला जन्मात एकदाच बसता येते.

आता प्रश्नपत्रिका पाहू. दोन तासांत ८० प्रश्न. त्यांतले ४० मानसिक क्षमतेचे, २० अंकगणिताचे, २० भाषेचे. म्हणजे दर प्रश्नाला दीड मिनिट आणि सव्वा गुण. मानसिक क्षमतेचे सारे प्रश्न आकृत्यांचे असतात : आरशातील प्रतिमा ओळखा, एका आकृतीत दडलेली दुसरी शोधा, घडी घालून भोक पाडलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल ते सांगा. शब्दांवाचूनचे प्रश्न ठेवण्यामागे विचार असा, की ज्याच्या घरी पुस्तके नाहीत त्या मुलाची गैरसोय होऊ नये.

तथापि येथेच एक अडचण उभी राहते. अशी आकृती प्रथमच पाहणाऱ्या मुलाचा वेळ उत्तर शोधण्यात जात नाही. आपल्याला विचारले काय आहे हे उमगण्यातच जातो. दीड मिनिटातला एक मिनिट तेथे गेला, तर बुद्धी असूनही मूल मागे पडते. दहा-बारा वेळा सराव केलेल्या मुलाला हा अडथळा राहत नाही. इंग्लंडात १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर अकराव्या वर्षाच्या परीक्षेने ग्रामर स्कूलसाठी मुले निवडली जाऊ लागली, तेव्हा हाच वाद तेथेही झाला. फिलिप व्हर्नन आदी मानसशास्त्रज्ञांनी १९५० च्या सुमारास त्याचा अभ्यास केला. सरावाने गुण वाढतात, परंतु त्या वाढीचा मोठा वाटा पहिल्या काही तासांतच पदरात पडतो. पुढे कितीही घोटून घेतले तरी फारशी भर पडत नाही, असे त्यांना दिसून आले.

यावरून आकृत्यांपुरते उत्तर मिळते. मुलाला सराव हवा, पण तो थोडा हवा. त्यासाठी वर्षभराची फी भरण्याचे कारण नाही. जुन्या प्रश्नपत्रिका, एक घड्याळ आणि शेजारी बसणारे शांत स्वभावाचे मोठे माणूस एवढे पुरते.

भाषा आणि अंकगणित यांची गोष्ट वेगळी. उतारा वाचून अर्थ लावणे, अपूर्णांक, लसावि-मसावि, नफा-तोटा ही काही परीक्षेची युक्ती नव्हे. ते शिक्षणच आहे. ज्याला पाचवीत उतारा वाचता येत नाही, त्याला दोन महिन्यांच्या वर्गाने काय येणार? येथे कोणी म्हणेल, “शाळेत शिकवतच नाहीत, मग आम्ही शिकवणी लावू नये तर काय करावे?” हा आक्षेप खोटा नाही. मूल मागे पडले असेल तर त्याला शिकवलेच पाहिजे; परंतु ती उणीव परीक्षेच्या आधी भरण्याची नसून तिसरीत, चौथीत भरण्याची असते. शिक्षकांनी खाजगी शिकवणी करू नये, असे शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा सांगतो. वर्गात जे व्हायला हवे ते वर्गातच व्हावे, असा त्याचा अर्थ आम्ही करतो. सोळा वर्षांखालील मुलांना शिकवणी-वर्गांनी प्रवेश देऊ नये, असे केंद्र सरकारच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांतही म्हटले आहे.

आणखी एक गोष्ट शहरातील सुज्ञ श्रोत्यांनी ध्यानात घ्यावी. या पंगतीत पाने ८०च मांडलेली आहेत. सगळ्यांनी शिकवणी लावली तरी एक्याऐंशीवे पान वाढत नाही. फक्त पानावर कोण बसणार ते बदलते. फी देऊ शकणारा पुढे सरकला, की मजुराची तितकीच हुशार मुलगी उठवली जाते. ज्या परीक्षेने ऐपत बाजूला ठेवायची, तीच मग ऐपत मोजू लागते. म्हणून हा थोडासा सराव विकत मिळता कामा नये, तो सर्वांना मिळाला पाहिजे. गावोगावच्या वाचनालयांनी जुन्या प्रश्नपत्रिका ठेवाव्या. निवृत्त शिक्षकांनी आठवड्यातून एक तास जिल्हा परिषदेच्या शाळेत द्यावा. यात खर्च जवळजवळ नाही.

शेवटी पालकांना एवढेच सांगणे, की ८० जागांच्या परीक्षेत पुष्कळ चांगली मुले बाहेर राहणारच. निकालाच्या दिवशी दहा-अकरा वर्षांच्या मुलाला ‘तू कमी पडलास’ असे ऐकवू नये. त्याने आकृत्या सोडवल्या, उतारे वाचले, अपूर्णांक शिकला. ते त्याच्यापाशी राहिले आहे, आणि सहावी कोणत्याही शाळेत काढली तरी ते उपयोगी पडणार आहे.